सूर्यावरचा आळ

बंगळुरात पंखा लागत नसे, हे मी आज सांगितलं तर लोक हसतात. आमच्या शाळेतला एक तरुण शिक्षक गेल्या उन्हाळ्यात तिकडं जाऊन आला. "बाई, उकाड्यानं जीव गेला," म्हणाला. मी म्हटलं, मी पाहिलेल्या बंगळुरात ऐन मे महिन्यात पहाटे चादर गळ्यापर्यंत ओढून घ्यावी लागायची, आणि ज्या घरी आम्ही उतरलो होतो तिथं छताला पंख्याचा हूकसुद्धा नव्हता. त्याला ते खरं वाटलं नाही. म्हणून लिहायला बसले. गोष्ट नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची आहे.

निघण्याआधी

मी बी.एस्सी., फिजिक्स. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली, आणि हे सांगताना मी कधी आवाज खाली केलेला नाही. गडहिंग्लजकडच्या आमच्या गावात हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. वडील, म्हणजे आबा, गुळव्या होते. गुऱ्हाळावर काहिलीत उसाचा रस उकळत असतो तेव्हा नुसत्या बुडबुड्यांवरून आणि वासावरून आता उतरवा म्हणून सांगणारा माणूस तो गुळव्या. जरा चुकलं तर गूळ करपतो, नाहीतर बसतच नाही. आबांची काहील कधी वाया गेली नाही. सहीच्या जागी मात्र अंगठा.

एकदा तालुक्याहून एक पाहुणे व्याख्यानाला आले. माणसानं केलेल्या धुरानं पृथ्वी तापत चालली आहे, असं सांगता सांगता त्यांनी खिडकीतून दिसणाऱ्या गुऱ्हाळाच्या धुराड्याकडं बोट केलं. "हे बघा, इथूनच सुरुवात!" लोक हसले. मागच्या रांगेत आबा बसले होते, ते हसले नाहीत. घरी येऊन त्यांनी मला एवढंच विचारलं, "शालन, चाळीस वर्सं मी जाळावर काढली. ते समदं माझ्यामुळं झालं म्हणायचं व्हय?"

मी कॉलेजच्या वह्या काढल्या. त्यांत ते नव्हतं.

मग मी उत्तर शोधायला लागले, आणि हवं होतं तेच सापडलं. शाळेत एक लहान दुर्बीण होती. तिच्यातून सूर्याचं बिंब पांढऱ्या कागदावर पाडलं की त्यावर काळे डाग दिसतात. दुर्बिणीला कुणी डोळा लावायचा नाही, अशी पहिल्याच दिवशी ताकीद देऊन मी मुलांकडून ते डाग पेन्सिलीनं टिपून घेऊ लागले. मधल्या सुट्टीत थर्मामीटर बघून तापमानही लिहायचं. पावसाळा सोडून पाच वर्षं हे चाललं. डाग जास्त तेव्हा सूर्य जोरात, असं पुस्तकात होतं. पहिली तीन वर्षं डाग कमी होत गेले आणि आमचं तापमानही किंचित उतरलं. दोन रेघा अशा शेजारी शेजारी चालल्या होत्या की जणू सख्ख्या बहिणी. मी तक्ता केला, निबंध लिहिला. पृथ्वी तापते ती सूर्यामुळं, माणसाच्या जाळाचा त्यात दोष नाही.

बंगळूरच्या एका मोठ्या विज्ञानसंस्थेत शिक्षकांचं शिबिर होतं. निबंध पाठवला, बोलावणं आलं. दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं बोलायचं, तेही इंग्रजीत.

"मी येणार," आबा म्हणाले.

"तुम्ही तिथं काय करणार?"

"माझाच खटला हाय न्हवं? हजर नको व्हय?"

गुऱ्हाळं बंद होती, आबा मोकळे होते. धोतर, पटका, आणि उतरायच्या घरी द्यायला पाच किलोची गुळाची ढेप. गाडीत ढेप विरघळून माझ्या तक्त्याच्या नळकांड्याला चिकटली, एवढा एक प्रसंग सोडला तर प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही.

बनशंकरी

उतरलो ते बनशंकरी भागात, गणोजीअण्णांकडं. त्यांचे पूर्वज शहाजीराजांच्या फौजेबरोबर तिकडं गेले ते तिथलेच झाले. कुलदैवत मात्र अजून जोतिबा. काही वर्षांपूर्वी जोतिबाला आले असताना वाटेत ते आमच्या गुऱ्हाळावर काकवी प्यायला थांबले होते, तेवढ्यावर ओळख. मी कार्ड टाकलं, तर उलट टपाली उत्तर आलं, "घर तुमचंच आहे, स्वल्प लहान आहे."

दारात त्यांच्या बायको, अक्का, उभ्या होत्या. "बन्नी, बन्नी! या की आत. पाय धुवा, काफी गरम आहे." त्यांचं मराठी ऐकायला मला फार गोड वाटलं. आमच्याकडं आता कुणी बोलत नाही असे शब्द त्यात होते आणि मधेच कन्नड डोकवायची, तांदळात तीळ मिसळल्यासारखी.

मी सवयीनं छताकडं पाहिलं. "पंखा?"

"फॅन कशाला हो? खिडकी आहे की," अक्का म्हणाल्या. त्यांना तो प्रश्नच कळला नाही. दुपारी पावसाची एक सर येऊन गेली होती. गल्लीत गुलमोहराच्या पाकळ्यांचा चिखल झाला होता आणि वारा असा गार की आबांनी धोतराचा सोगा खांद्यावर घेतला. गाव सोडताना आम्ही भट्टीतून निघालो होतो.

जेवणात सांबार होतं. पहिल्या घासाला आबा थांबले. "ह्यात गूळ हाय."

"आहे की. आमच्यात घालतात," अक्का म्हणाल्या.

"मंड्याकडचा. मळी काढाय चुना जास्ती पडलाय."

अण्णा पोट धरून हसले. "अगं, दुकानदाराला बोलव, म्हणावं परीक्षक आलेत!" आबांनी आपली ढेप पुढं केली. अक्कांनी एक खडा तोंडात टाकला आणि दुसरा नातवासाठी पदराला बांधून ठेवला.

सकाळी आबा गच्चीवर गेले. घरी रोज करतात तसं तांब्यातलं पाणी सूर्याला वाहिलं. एरवी दोन मिनिटांचं काम. त्या दिवशी बराच वेळ उभे राहिले.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय न्हाई. उद्या तू त्याच्यावर आळ घेणार. तोंडावर पाणी तरी नीट घालावं."

मला राग आला. कुणासाठी घेतेय मी आळ, असं जिभेवर आलं होतं. मी तक्ता उचलायला खाली आले.

पर्जन्यवृक्षाखाली

संस्थेचं आवार म्हणजे एक जंगलच होतं. पर्जन्यवृक्षांच्या फांद्या रस्त्यावर एकमेकींत गुंतलेल्या, खाली उन्हाचा ठिपका नाही. आबा एका झाडाखाली बसले आणि मी तक्ता घेऊन आत गेले. भिंतीवर लावला. माझं अक्षर वळणदार आहे, रेघा रंगीत होत्या. दोन-तीन शिक्षक थांबून छान म्हणाले. मी फुगले.

मग नागरत्ना मॅडम आल्या. हवेवर संशोधन करणाऱ्या. साधी सुती साडी, खांद्याला शबनम पिशवी. त्यांनी निबंध वाचलेला होता. इंग्रजीत, पण सावकाश बोलल्या, माझ्यासाठी.

"निबंधात पाच वर्षं लिहिलंय. तक्ता तीनच वर्षांचा कसा?"

मी उत्तर पाठ केलेलं होतं. चौथ्या वर्षी शाळेच्या व्हरांड्यावर पत्रे बसले, थर्मामीटर त्याच्या खाली आला, तापमान खोटं वाढलं. म्हणून ती दोन वर्षं गाळली.

"डाग त्या दोन वर्षांत वाढले?"

"नाही. आणखी कमी झाले."

त्यांनी तक्त्यावरच्या रेघेच्या टोकाशी बोट ठेवलं. "पत्र्यावर संशय घेतलात हे बरोबर. पण जी वर्षं जुळली, त्यांच्यावर का नाही घेतला?"

माझे कान तापले. हा प्रश्न मी नववीच्या मुलांना विचारला असता. स्वतःला पाच वर्षांत एकदाही विचारला नव्हता.

त्यांनी मग सांगितलं. मधे जगभर हवा थोडी गार झाली, ती फिलिपाइन्सकडं ज्वालामुखी फुटून त्याची धूळ वर पसरली म्हणून. धूळ खाली बसली, ऊब परत चढली. सूर्य मात्र मंदावतच होता. "एका गावावरून पृथ्वीचं सांगता येत नाही, तुमच्याही नाही, माझ्याही नाही. पण सगळीकडच्या नोंदी एकत्र केल्या तर सूर्य एकीकडं चाललाय आणि उष्णता दुसरीकडं." आणखी एक गोष्ट त्या म्हणाल्या. सूर्यच जास्त तापला असता तर हवा खालपासून वरपर्यंत तापली असती. तशी ती तापत नाही. खालची तापतेय, फार वरचा थर गार होतोय. त्यात ओझोन विरळ झाल्याचाही वाटा आहे, पण तापलेल्या सूर्यानं वरचा थर गार होणार नाही. हे शेवटचं मला नीट कळलं नाही. मान हलवली.

"एक कमी आहे," जाताना त्या म्हणाल्या. "सगळ्या नोंदी दुपारच्या. पहाटेची एकही नाही."

"पहाटे शाळा बंद असते, मॅडम."

"तेही खरं. उद्या बोलायचं की नाही ते तुम्ही ठरवा. नाव मागं घेतलंत तर कुणी काही विचारणार नाही."

जेवणाच्या सुट्टीत मी बाहेर आले तर काय, मॅडम त्याच झाडाखाली आबांच्या शेजारी कट्ट्यावर बसलेल्या! आबा हंगामात चिकोडी-हुक्केरीकडं कामाला जायचे, त्यामुळं त्यांची कन्नड पक्की, पण तिकडची, राकट. बंगळूरच्या माणसाला ऐकून हसू येतं. मॅडमही हसत होत्या, आणि वहीत लिहून घेत होत्या. माझ्या पाच वर्षांच्या वह्यांतलं त्यांनी एक अक्षर उतरवून घेतलं नव्हतं.

"काय सांगितलंत त्यांना?" मी मागाहून विचारलं.

"पहाटचं इचारत हुत्या. म्हटलं, आधी थंडीत वाफ्यात गूळ ओतला की दोन बिड्या हुईस्तोवर बसायचा. आता तिसरी ओढली तरी मऊच. दुपारचं ऊन माझ्या बापाच्या टायमालाबी हुतंच. पहाटचा गारवा पळालाय."

"हे मला कधी बोलला नाहीत!"

"तू कवा इचारलंस?"

वाफा म्हणजे गूळ थंड करायचा चौकोन. रोज माझ्या घरात वावरणारा माणूस ही नोंद डोक्यात घेऊन हिंडत होता, आणि मी मधल्या सुट्टीच्या थर्मामीटरला चिकटून बसले होते. मॅडमनी आबांना हेही सांगितलं होतं की आठवण म्हणजे मोजमाप नव्हे, पण विचारायचा प्रश्न हाच आहे. सूर्य जास्त तापला असता तर दिवस आधी तापले असते. रात्रीची ऊब अडकून राहते ती हवेत साठलेल्या कर्बवायूच्या गोधडीमुळं.

अण्णांचा फुगा

अण्णा हवामान खात्यात कामाला होते. रोज हायड्रोजनचा फुगा भरून वर सोडायचा, त्याला एक छोटी पेटी लटकवलेली, ती वरून थंडी-वारा कळवत जाते. त्या संध्याकाळी त्यांनी आम्हाला साहेबांना विचारून कुंपणापाशी उभं केलं.

"आबा, काडेपेटी द्या आधी."

"मी वडत न्हाई हितं."

"द्या हो! एक ठिणगी पडली तर तुम्ही, मी आणि फुगा, तिघंही वर."

आबांनी काडेपेटी दिली, आणि विडीही दिली, न मागता. माणसाच्या उंचीहून मोठा तो पांढरा फुगा अण्णांनी दोन्ही हातांनी धरला होता, लेकराला आंघोळीनंतर धरावं तसा. सोडला. झाडांच्या वर गेला, ठिपका झाला, दिसेनासा झाला. आबा पटका सावरत मान मोडेपर्यंत बघत राहिले.

"वर काय असतं, अण्णा?"

"थंडी. लय थंडी. पार वर जाऊन फुगा फुटतो."

"आन त्या मॅडमबाई म्हणत्यात तिकडं आनखी गार हुतंय. खाली ऊन, वर गार. असं कसं?"

"मी फुगा सोडतो, आबा. कसं ते त्या सांगणार. सरी, बरं, चला, काफी पिऊ." कोपऱ्यावर एकच काफी मागवून दोघांनी अर्धी अर्धी प्यायची तिथं पद्धत होती. आबांना ती फार आवडली. म्हणाले, आमच्याकडं असं मागितलं तर हाटेलवाला हाकलून देईल.

मला काफी गोड लागली नाही. नाव मागं घ्यायचं मी जवळजवळ ठरवलं होतं. पोट दुखतंय म्हणायचं. गावानं निरोप देताना हार घातला होता, तिथं काहीतरी सांगता येईल.

न्हाणीघरातला हंडा

अण्णांच्या न्हाणीघरात भिंतीत बसवलेला तांब्याचा मोठा हंडा होता. खाली करवंट्या जाळायच्या. सकाळी उठले तर आबा त्याच्यापुढं उकिडवे बसलेले, जाळ बघत. जाळ दिसला की आबा तिथं बसणारच.

"शालन, हिकडं ये. हात धर हितं." हंड्यावर झाकण घातलेलं नव्हतं. मी पाण्यावर हात धरला. वाफ लागली.

त्यांनी आणखी दोन करवंट्या सारल्या. जाळ भडकला. "आता?"

"जास्त भाजतंय."

"जाळ वाढला की खालीबी ऊन, वरबी ऊन. आता बघ." करवंट्या त्यांनी बाहेर ओढल्या, जाळ होता तेवढाच केला आणि हंड्यावर जाड लाकडी झाकण ठेवलं. थोड्या वेळानं म्हणाले, "झाकणाच्या वर धर."

झाकणावर हात गारच होता. त्यांनी ते बाजूला सारलं तर आत पाणी कढत होतं.

"जाळ तेवढाच," आबा म्हणाले. "बाई हेच सांगत हुत्या. खाली ऊन आन वर गार, तर जाळ वाढल्याला न्हाई. कुणीतरी झाकण घातलंय."

मी तिथंच ओल्या फरशीवर बसले. फिजिक्सची पदवी माझी होती.

अक्का बाहेरून ओरडल्या, "अहो, पाणी तापलं असलं तर आंघोळ करा की! रांग लागली आहे!"

दहा मिनिटं

मी नाव मागं घेतलं नाही. तक्ता लावला, आणि त्याला डकवून एक साधा कागद, त्यावर गाळलेली दोन वर्षं पेन्सिलीनं. पाठ केलेलं भाषण मोडलं, त्यामुळं इंग्रजीही मोडली. मी म्हटलं, हा माझा दावा होता. इथपर्यंत रेघा जुळतात, इथून फाटतात. फाटतात ते मी लपवलं. पत्र्याचं कारण खरं असेल, पण मी ते शोधलं ते मला हवं होतं म्हणून. मग हंड्याची गोष्ट सांगितली. 'झाकणा'ला इंग्रजी शब्द ऐनवेळी आठवेना, तेव्हा हातानंच झाकून दाखवलं.

मागच्या बाकावर आबा होते. त्यांना इंग्रजी कळत नव्हतं, हात कळला.

टाळ्या फार झाल्या नाहीत. एका शिक्षकानं शेजाऱ्याला विचारलेलं ऐकू आलं, "मग ह्या आल्या कशाला?" ते मला लागलं, आजही आठवतं. पण तक्ता गुंडाळताना पेन्सिलीचा कागद मी काढला नाही.

मॅडम बाहेर आबांपाशी आल्या. त्या कन्नडमधून काय बोलल्या ते आबांनी मला सांगितलं. गुऱ्हाळावर जळतं ते चिपाड, म्हणजे रस काढलेला ऊस. त्यातला कर्बवायू त्याच वर्षी उसानं हवेतून घेतलेला होता. जळलं की परत हवेत, पुढच्या उसात परत खाली. रहाटासारखं. झाकण घातलंय ते जमिनीत युगानुयुगं पुरलेला कोळसा आणि तेल वर काढून जाळणाऱ्यांनी.

"म्हणजे सुटलात आबा!" मी म्हणाले. ज्यासाठी पाच वर्षं घातली ते हातात आलं होतं, दुसऱ्याच वाटेनं.

आबा हसले नाहीत. मॅडमकडं वळून काहीतरी म्हणाले. मॅडमनी आबांना हात जोडले.

"काय बोललात?"

"म्हटलं, बैलावर घाणा हुता तवर तुमचं खरं. आता इंजिन हाय, डिझेलचं. बैल मीच काढा म्हणून सांगितलं हुतं, मालकाला. झाकणाचा एक कोपरा माझ्या हातात हाय. मोठा नसंल. पर हाय."

गच्ची

निघायच्या दिवशी अक्कांनी पोळीत गुंडाळून चटणी दिली आणि अण्णांनी एक जुना थर्मामीटर, रात्रीतलं सर्वांत कमी तापमान धरून ठेवणारा. "पहाटेसाठी," म्हणाले. आबा आकडे वाचायला त्याच्यावरच शिकले. पुढं शेवटपर्यंत रोज पहाटे ते आकडा ओरडायचे आणि मी अंथरुणातून लिहायचे. त्या वह्या माझ्याकडं आहेत. अक्का आता नाहीत, आबाही नाहीत. अण्णांच्या मुलानं मागं कळवलं की घराला वरचे दोन मजले चढलेत आणि प्रत्येक खोलीत पंखा आहे. ते घर मला आठवतं ते उघड्या खिडकीचं, आणि त्या शेवटच्या सकाळचं.

पाऊस रात्रीच पडून गेला होता. गच्ची ओली, नारळाच्या झावळ्यांतून ऊन कोवळं येत होतं. आबा तांब्या घेऊन उभे होते. मला त्यांनी हाक मारली.

"पाच वर्सं तू त्याचे डाग मोजलेस."

"होय."

"म्हण मग काहीतरी."

"आबा, मी विज्ञान शिकवते."

"तर मग म्हणायलाच पायजे. चुकल्याव कबूल करायचं, हे शिकवतीस न्हवं पोरांस्नी?"

त्यांनी तांब्या माझ्या हातात दिला. पाणी गार होतं. गच्चीवर दुसरं कुणी नव्हतं, तरी मी एकदा मागं वळून बघितलं. मग धार धरली, आणि म्हटलं, "माझी चूक झाली."

"आन त्याच्या डागांची वही बंद करू नको," आबा म्हणाले. "सुटलेल्याचीबी साक्ष लागती."